मालवणी खाणावळीची ओळख ठरवताना: नाव, अक्षर, पाटी, मेनू, पार्सल (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कवठीचाफा
डोंबिवली पूर्वेला सोसायटीच्या तळमजल्यावर मालवणी खाणावळ सुरू होणार आहे. दर्शनी भाग ११ फूट, शटरच्या वर पाटीसाठी अडीच फुटांची पट्टी, समोर साधारण ४० फुटी रस्ता. बसायला २८ जागा, मेनूत ३४ पदार्थ, शिवाय पार्सल. हातात सात आठवडे आहेत. नाव, लोगो, पाटी, मेनूकार्ड आणि पार्सलचं सामान या सगळ्याला मिळून सव्वा लाख रुपये काढून ठेवलेत.

नावं तीन उरलीत: तिरफळ, पडवी, आमसूल. डिझायनरचा पहिला प्रश्न आहे, लोगोत मासा हवा की माड? एक शीतपेयाची कंपनी पूर्ण पाटी फुकट लावून द्यायला तयार आहे. नक्की कुठून सुरुवात करावी आणि पैसा कुठे जास्त घालावा, हे या कामातल्या लोकांनी सांगावं.

गल्ल्यावरून
मासा की माड हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आधी नाव. गल्लीतल्या खाणावळीचं नाव लोक तीन ठिकाणी वापरतात: तोंडाने सांगताना, फोनवर टाईप करताना आणि रस्त्यावरून वाचताना. तिन्ही नावं या तीन कसोट्यांवर घासून बघा.

तिरफळ: मसाल्याचं नाव आहे, जिभेवर छान बसतं. पण रोमनमध्ये टाईप केलं की शोधयंत्र आयुर्वेदातल्या त्रिफळा चूर्णाकडे नेतं. फोनवर सांगितलं तर निम्मे लोक 'त्रिफळ' ऐकतील. खाण्याच्या जागेला रेचक चूर्णाची सावली नको.

पडवी: शब्द सुंदर, पण रोमन लिपीत ड आणि द यांना एकच अक्षर. 'पडवी' लिहिलं तरी वाचणारा 'पदवी' वाचू शकतो, आणि कीबोर्डची सुचवणीही तिकडेच जाते. शिवाय पाडवी हे आडनाव आहेच.

आमसूल: ऐकायला स्वच्छ, दुसरा अर्थ नाही, आणि घाटावरच्या माणसालाही ठाऊक. रोमन स्पेलिंग मात्र चार प्रकारे होतं: सुरुवातीला एक ए की दोन, शेवटी यू की दोन ओ. एकच ठरवा आणि पाटी, बिल, नकाशावरची नोंद, अॅप, सगळीकडे तेच ठेवा. एका ठिकाणी वेगळं झालं की शोधणाऱ्याला वाटतं ही दुसरी जागा.

तळकोकणी
आमसुलाला माझंही मत. फक्त शब्द नीट वापरा. फळ ते कोकम किंवा रातांबा. त्याची सालं बिया काढून, त्याच्याच रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवली की आमसूल. मीठ घालून काढलेला रस तो आगळ. सोलकढी सोलांची (म्हणजे आमसुलांची) किंवा आगळाची. मेनूवर, बाटलीच्या लेबलवर हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. मालवणी गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत हेच तपासतं.

आणि पाटीखाली 'येवा' छापाची मालवणी वाक्यं घालायचा मोह टाळा. वाढणारी माणसं मालवणी बोलत असतील तर ती बोलतीलच. बोलत नसतील, तर भिंतीवरचं वाक्य खोटं वाटतं.

कागदपत्रे
नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध घ्या. हा शोध मोफत आहे. खाणं-पिणं पुरवण्याच्या सेवा वर्ग ४३ मध्ये येतात. उद्या मसाला किंवा चटणी विकायची असेल तर वर्ग ३० आणि २९ सुद्धा बघा. देवनागरी शब्द शोधताना सगळी रोमन स्पेलिंग टाका आणि उच्चारावरून शोधायची सोय आहे तीही वापरा.

ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला दर वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. देवनागरी नावाचा अर्ज करताना रोमन लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो. 'आमसूल' हे शब्द म्हणून वर्ग २९-३० मध्ये अवघड जाईल, कारण तो थेट पदार्थाचा उल्लेख आहे आणि कायदा वर्णनात्मक शब्द एकाच्या मालकीचे करून देत नाही. खाणावळीच्या सेवेसाठी परिस्थिती बरी, तरीही नुसत्या शब्दावर न थांबता अक्षराकृतीसकट अर्ज करा. तपासणी अहवालात आक्षेप आला तर उत्तराला ३० दिवस. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर कुणालाही विरोध नोंदवायला ४ महिने. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण.

अर्ज केल्यावर टीएम लिहिता येतं. गोलातला आर नोंदणी झाल्यावरच. आधी लावणं हा गुन्हा आहे, आणि मेनूकार्डाच्या तयार नमुन्यांत तो सर्रास चिकटलेला असतो, तेव्हा प्रूफ बघताना डोळा ठेवा.

शिरोरेखा
आता मासा आणि माड. माझं म्हणणं, दोन्ही नकोत. माड, लाट, होडी, माशाचा काटा ही चित्रं इतक्या मालवणी पाट्यांवर आहेत की त्यातून 'मालवणी जेवण' एवढंच कळतं, 'तुमचं' काही कळत नाही. तुमच्या नावात चित्र आधीपासून आहे, ते शेवटच्या अक्षरात.

मराठी वळणाचा ल पाकळीयुक्त असतो: दोन गोल पाकळ्या, उजवीकडे उभा दंड नाही. हिंदी वळणाचा ल दंडयुक्त. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. आता तो पाकळीचा ल कागदावर मोठा काढून बघा. मधून उघडलेल्या रातांब्याच्या दोन वाट्याच दिसतात. त्या दोन पाकळ्या थोड्या भरीव करा, एकीच्या आत बीची जागा सोडा. वेगळं चित्र लागत नाही. शब्द वाचतानाच खूण डोळ्यात बसते.

यातली अडचण अशी. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ल टाईप केला की आधी हिंदी वळणाचाच येतो. मराठी रूप फॉन्टच्या पोटात असतं, पण मजकुराची भाषा 'मराठी' ठरवली तरच बाहेर येतं. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधून इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये साउथ एशियन कंपोझर निवडा. हे केलं नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. मग अक्षराची भाषा मराठी करा. तरीही दंडाचाच ल राहिला तर ग्लिफच्या तक्त्यातून हाताने निवडा. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मुळातच मराठी वळणाचा आहे, मजकुराला उत्तम. ठळक नावासाठी एक टाईपचे मुक्त परवान्याचे फॉन्ट बघा: बालू गोलसर आहे, मुक्त साधा, अनेक देवनागरीत जाडी आणि रुंदी दोन्ही कमीजास्त करता येतात. मुक्त परवाना असल्यामुळे व्यावसायिक लोगोला चालतात. पण लोगोतला शब्द फॉन्टवर सोडू नका. एकदा बाह्यरेषेत बदलून (म्हणजे अक्षरांची आकृती करून) हाताने दुरुस्त करा आणि तीच आकृती कायम वापरा.

आणखी एक चूक जवळून बघा, कारण ती डिझायनर आणि पाटीवाला दोघांच्याही हातून होते. रोमन अक्षरांना अंतर वाढवून 'ऐसपैस' करायची सवय असते. देवनागरीला अक्षरअंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. आ-म-सू-ल असे चार सुटे तुकडे होतात आणि मध्ये केसाएवढ्या फटी राहतात. पडद्यावर त्या जाणवत नाहीत, पाटीवर रात्री दिवा लागला की त्यातून काळ्या उभ्या रेघा दिसतात. अंतर शून्य ठेवा. शब्द रुंद हवा असेल तर रुंद फॉन्ट घ्या, किंवा शिरोरेषा हाताने सलग काढा.

गल्ल्यावरून
शिरोरेखा, ल ची कल्पना पटली, पण अॅपवर गोल चौकटीत काय जाणार? पूर्ण शब्द तिथे वाचता येत नाही. सुटा ल तर कुणी वाचणारच नाही. मी 'आ' घेतला असता.

शिरोरेखा
अॅपवर आणि नकाशावर त्या गोलाच्या शेजारी नाव लिहिलेलं असतंच, म्हणून गोलात वाचन लागत नाही, ओळखू येणारा आकार लागतो. 'आ' हा शेकडो नावांचा पहिला आकार, शाळेच्या तक्त्यावरचा. भरीव पाकळ्यांचा ल तुमचाच. जिथे शेजारी नाव नाही, म्हणजे पिशवी, रुमाल, दारावरची मूठ, तिथे मात्र पूर्ण शब्द छापा. गोल चौकटीसाठी ल चारही बाजूंनी आत घ्या, व्यासाच्या ६० टक्क्यांत बसला पाहिजे, नाहीतर शिरोरेषेची टोकं कापली जातात. आणि ती चौकट ४८ पिक्सेलला लहान करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बीसाठी सोडलेली जागा भरून गेली, तर लहान आकाराची वेगळी आकृती करा, त्यात ती जागा थोडी मोठी ठेवा.

रंगाचं: आमसुलाचा काळपट जांभळा-तांबडा हा मुख्य रंग, सोलकढीचा फिका गुलाबी जोडीला. छपाईत सुरुवातीला निळा ३०, गुलाबी १००, पिवळा ६०, काळा ३५ टक्के असं मिश्रण धरून नमुना काढा. सोलकढीला गुलाबी ३५, पिवळा १५. फिक्या पार्श्वभूमीवर आमसूल रंगाचं अक्षर, गडद पार्श्वभूमीवर पांढरं. गुलाबीत मजकूर लिहू नका, तो रंग पृष्ठभागापुरता.

पाटीकार
पाटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सव्वा लाखातला निम्म्याच्या आसपास पैसा इथेच गेला पाहिजे. मेनू आत आलेल्यासाठी असतो. पाटी बाहेरच्यासाठी आहे, आणि तीच रोज दिसते.

आधी माप. वाचनाचा ढोबळ हिशोब: दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर. समोरच्या फुटपाथवरून ४५ फूट धरले तर साडेचार इंचात काम भागतं, पण कोपऱ्यावरून, १२०-१३० फुटांवरून वाचायचं असेल तर १२-१३ इंच हवेत. आणि हे माप देवनागरीत अक्षराच्या अंगाचं धरायचं, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत, मात्रा-उकार सोडून. पाटीवाले चॅनेल अक्षरांचा (आत दिवे असलेल्या, पेटीसारख्या खोल अक्षरांचा) भाव बहुधा इंचाला सांगतात. तेव्हा कोटेशन घेतानाच विचारा, उंची उकारासकट धरली आहे की अंगाची? उकारासकट १३ इंच म्हणून दिलं तर अंग ९-१० इंचावर येतं, आणि पाटी लागल्यावर कळतं.

तुमची पट्टी ३० इंच. 'आमसूल'मध्ये वरची मात्रा एकही नाही, ही चांगली गोष्ट. खाली मात्र सू चा दीर्घ उकार आहे. अंग १३ इंच घेतलं तर उकार साधारण ५ इंच खाली उतरतो. वर ५ इंच मोकळे, अंग १३, उकार ५, खाली ७. शब्दाची रुंदी चार ते सव्वाचार फूट होईल. 'मालवणी जेवण' ही ओळ नावाच्या खाली घालू नका, उकार तिला आपटतो आणि मग पाटीवाला उकार आखूड करून टाकतो. ती नावाच्या उजवीकडे, त्याच पायरेषेवर, ५-६ इंची अक्षरांत घ्या. ११ फुटांत जागा भरपूर आहे. मोकळी जागा फोन नंबर, 'शुद्ध', 'चविष्ट' आणि थाळीच्या फोटोने भरायची नाही. मोकळ्या गडद पट्टीवर पांढरं नाव, हेच लांबून सर्वांत आधी वाचलं जातं.

सामान: पार्श्वभूमीला ४ मिमी एसीपी (अॅल्युमिनियमचा थर असलेली शीट), मॅट. चकचकीत घेतला तर समोरच्या दुकानाचे दिवे त्यात दिसतात. आतला सांगाडा जीआय (जस्तलेपित लोखंडी) चौकोनी पाइपचा, वेल्डिंगच्या जागी प्राइमर मारलेला. एसीपीची शीट ८ बाय ४ फुटांची येते, त्यामुळे ११ फुटांत एक सांधा येणारच. तो नावाच्या मागे नको, नाव आणि 'मालवणी जेवण' यांच्या मधल्या मोकळ्या जागेत घ्या. हे आधी सांगितलं नाही तर कारागीर डावीकडून पूर्ण शीट लावत येतो आणि सांधा जिथे पडेल तिथे पडतो.

अक्षरं: दर्शनी बाजू ३ मिमी दुधी अॅक्रिलिक, कडा दोन ते अडीच इंच खोल. आमसूल रंगाची अॅक्रिलिक अक्षरं करू नका. गडद रंग उजेड गिळतो आणि रात्री नाव काळं पडतं. पार्श्वभूमी आमसूल, अक्षर पांढरं. अक्षराची रेघ कुठेही सव्वा इंचापेक्षा बारीक नको, नाहीतर आत एलईडी मॉड्यूल (दिव्यांचा छोटा तुकडा) बसत नाही आणि तेवढाच भाग अंधारा राहतो. शिरोरेषा आणि उकाराचं टोक इथे हमखास घात होतो. शिरोरेखा, हे लोगो काढतानाच बघा.

विजेचा हिशोब: १३ इंची चार अक्षरांत रेघेची एकूण लांबी १६ फुटांच्या आसपास. पावणेतीन इंचांवर एक मॉड्यूल धरलं तर ७० मॉड्यूल. १ वॅटचं, १२ व्होल्टचं मॉड्यूल घेतलं तर ७० वॅट. वीजपुरवठा (अॅडॉप्टर) १०० वॅटचा लावा, म्हणजे ८.३ अँपिअर. बरोब्बर ७० चा लावला तर तो कायम पूर्ण भारावर तापतो आणि पहिला तोच जातो. पुरवठ्याची पेटी शटरच्या आत, हात पोचेल तिथे ठेवा, पाटीच्या पोटात नाही. मॉड्यूल आयपी ६५ दर्जाचं (धूळ-पाणी न शिरणारं) घ्या. प्रकाश ३००० ते ४००० केल्व्हिन. ६५०० चा निळसर पांढरा या तांबड्या रंगाशेजारी कळाहीन दिसतो. आतही जेवणाच्या टेबलावर ३००० च्या आसपासच ठेवा, निळसर उजेडात मासा शिळा वाटतो.

आणि ११ फुटांची पाटी समोरून छान दिसली तरी फुटपाथने चालत येणाऱ्याला तिची फक्त कड दिसते. त्यासाठी भिंतीला काटकोनात दीड ते दोन फुटांची दुतर्फा गोल पाटी लावा, बोर्डवाले त्याला लॉलीपॉप म्हणतात. त्यात तो ल आणि खाली बारीक 'आमसूल'. तळ फुटपाथपासून किमान ८ फूट वर.

कवठीचाफा
फ्लेक्सवर करून दोन वर्षांनी अक्षरं बसवली तर? आणि फुकट पाटीचं?

पाटीकार
उन्हात फ्लेक्सवर पिवळा आणि गुलाबी आधी उडतात, निळा-काळा टिकतो. तुमचा मुख्य रंग गुलाबीवरच उभा आहे. पश्चिमेचं ऊन असेल तर एका उन्हाळ्यात तो मळकट तपकिरी-निळा होतो. पैसे कमी पडले तर दिव्याशिवायची अक्षरं लावा, वरून दोन झोतदिवे सोडा. ते चालेल. फ्लेक्स नको.

फुकट पाटीत साधारणपणे दोन्ही टोकांना त्यांचं चिन्ह आणि पार्श्वभूमीला त्यांचा रंग असतो. तुमचं नाव त्यांच्या साच्यातल्या फॉन्टमध्ये, बहुतेक दंडाच्या ल सकट येतं. रस्त्यावर तशाच चार पाट्या असतील तर तुमची पाचवी. शिवाय दुसऱ्याच्या मालाचं चिन्ह लागलं की महापालिका ती जाहिरात धरून वेगळी फी मागू शकते. घ्यायचंच असेल तर त्यांच्याकडून फ्रिज घ्या, पाटी नको.

कागदपत्रे
पाटीच्या नियमांत चार गोष्टी.

दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असले तरी आता पाटी मराठीत, देवनागरीत हवी. इतर लिपी चालते, पण मराठी आधी आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. म्हणजे रोमन नाव 'सम प्रमाणात' बसवताना देवनागरीचं अंग रोमन मोठ्या अक्षराएवढं तरी ठेवा. त्याच दुरुस्तीनुसार मद्य देणाऱ्या ठिकाणाला थोर व्यक्तींचं किंवा गडकिल्ल्याचं नाव लावता येत नाही. पुढे बिअरचा परवाना घेणार असाल तर हे आधीच लक्षात असू द्या.

जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक प्रवेशाच्या नामफलकावर हवा, आणि प्रमाणपत्र आत दर्शनी लावायचं. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल तर फलकावर 'कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन' असंही लिहावं लागतं, आणि ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही, तेव्हा मेनूवर 'कर अतिरिक्त' छापू नका. यासाठी पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एका इंचाची पट्टी डिझाइनमध्येच सोडा. नंतर स्टिकर चिकटवला की पाटीची शोभा जाते.

अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर लागतो, आणि अन्नसुरक्षेचा फलक आत ग्राहकाला दिसेल असा.

दिव्याची पाटी आणि बाहेर काढलेली लॉलीपॉप यांना महापालिकेच्या परवाना विभागाची परवानगी आणि सोसायटीचं लेखी ना-हरकत घ्या. सोसायटीच्या पत्रात पाटीची मापं लिहून घ्या. नुसतं 'पाटीस हरकत नाही' असं पत्र पुढच्या कमिटीसमोर टिकत नाही.

छापखाना
मेनूकार्डात सगळे एकच चूक करतात: भाव आणि सजावट एकाच कागदावर छापतात. माशाचा भाव हलला की कार्डावर स्टिकर, स्टिकरवर स्टिकर. तुम्ही दोन भाग करा. बाहेरचं आवरण न फाटणाऱ्या सिंथेटिक कागदाचं, २०० ते २५० मायक्रॉन, त्यावर फक्त नाव आणि तो ल. आत सरकवायला ए-४ आकाराचा १२० जीएसएमचा साधा कागद, त्यावर पदार्थ आणि भाव. भाव बदलले की कोपऱ्यावरच्या दुकानातून २० प्रती काढायच्या. ताज्या माशासाठी भिंतीवर पाटी आणि खडू, कार्डावर नुसतं 'आजचा भाव पाटीवर'.

मॅट लॅमिनेशनचं ३०० जीएसएम आर्ट कार्ड दिसायला देखणं, पण तेलाचे ठसे पकडून ठेवतं, आणि पांढऱ्या भागावर हळदीचे डाग बसतात ते जात नाहीत. तेच वापरायचं असेल तर घडीच्या जागी आधी क्रीझिंग करून (खाच दाबून) घ्या. न करता मोडलं तर आमसूल रंगाचा थर फुटतो आणि घडीवर पांढरी रेघ उमटते. गडद रंगावर ती दुरूनही दिसते.

बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के काळा. आमसूल रंग चार शायांनी बनतो. प्लेट केसभर सरकली तरी ११ पॉइंटच्या अक्षराला गुलाबी सावली येते आणि अनुस्वार मिटतो. आमसूल रंग १८ पॉइंटच्या वरच्या मथळ्यांना. मजकूर १२ पॉइंट, ओळींचं अंतर १८ तरी, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. चारही कडांना ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग).

शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवं वर्तुळ, मांसाहारासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण, पॅकबंद मालाच्या नियमातली खूण हीच आहे. मेनूवरही तीच वापरा, लाल ठिपका नको.

तळकोकणी
छापण्याआधी हे शब्द प्रूफमध्ये एकेक करून बघा: तिसऱ्या, कुर्ल्या, काळ्या वाटाण्याची उसळ, बोंबील, आंबोळी, घावणे, खापरोळी, कोंबडी-वडे.

'तिसऱ्या' हा सर्वांत नाठाळ. यात अर्ध्या र चं आडवं, चंद्रकोरीसारखं रूप हवं. साधा र, हलन्त आणि य असा टाईप झाला की रफार होऊन 'तिसर्या' उमटतं, ते चूक. नुक्त्याचा ऱ, हलन्त, य असं टाईप करा. उलट 'कुर्ल्या'त रफारच बरोबर. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर रूपांतर करून घेतला असेल तर नेमके हेच शब्द बिघडलेले असतात. आणि प्रूफ पडद्यावर नाही, कागदावर वाचा.

पदार्थाखाली वर्णन एका ओळीचं, आणि त्यात माहिती असावी. 'चविष्ट पारंपरिक बांगडा' यातून काही कळत नाही. 'बांगड्याची कढी: ओल्या नारळाचं वाटप, तिरफळ, आमसूल' यातून कळतं. नारळ, शेंगदाणा, कवचातले मासे टाळणाऱ्यांनाही तिथेच उत्तर मिळतं.

छापखाना
पार्सलचं थोडक्यात. तपकिरी क्राफ्ट पिशवीवर एकाच रंगात छापा. कागदाचा तपकिरी शाईत मिसळतो, म्हणून आमसूल रंग पडद्यावरच्यापेक्षा काळसर येईल, तो चांगलाच दिसतो. फिका गुलाबी मात्र नाहीसा होतो, तो पिशवीवर घेऊच नका. सुरुवातीला हजार पिशव्या छापण्यापेक्षा कोऱ्या घ्या आणि तीन इंची रबरी शिक्का मारा. शिक्क्यासाठी पूर्ण शब्दाची, ल सकट भरीव, बारकाव्यांशिवायची आकृती लागेल. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई आहे, आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ बंद आहेत, तेव्हा डिझायनरच्या मॉकअपमध्ये (नमुना चित्रात) ते दिसले तर काढायला लावा.

सोलकढीच्या बाटलीला कागदी स्टिकर चालत नाही. फ्रिजमधून काढली की घाम सुटतो, कड उचलते, शाई पसरते. पॉलीप्रॉपिलीन फिल्मचं लेबल घ्या. बाटली कोरडी आणि खोलीच्या तापमानाला असताना लावा, मग फ्रिजमध्ये. आणि गिऱ्हाईक यायच्या आधीच भरून ठेवलेली बाटली हा पॅकबंद माल ठरतो, त्यावर वजन-माप, तारीख, घटक, परवाना क्रमांक सगळं यायला हवं. त्यासाठी लेबलाची मागची बाजू कोरी सोडा.

कवठीचाफा
सगळ्यांचे आभार. आमसूल पक्कं, ट्रेडमार्कचा शोध आज सुरू करते. डिझायनरकडून शेवटी नेमकं काय काय हातात घ्यायचं?

शिरोरेखा
बाह्यरेषेत बदललेली मूळ फाइल, पीडीएफ, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. प्रत्येकी चार रूपं: आमसूल रंगात, पूर्ण काळ्यात, पूर्ण पांढऱ्यात, आणि लहान आकाराचा सुटा ल. फॉन्ट 'जिवंत' असलेली फाइल पाटीवाल्याला देऊ नका. त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की दुसराच बसतो आणि दंडाचा ल परत येतो.

बाह्यरेषेतही एक खोच आहे. बाह्यरेषा केल्यावर प्रत्येक अक्षराचा शिरोरेषेचा तुकडा शेजारच्या तुकड्यावर थोडा चढलेला असतो. पडद्यावर सलग दिसतं. व्हायनल कापणारं यंत्र मात्र प्रत्येक कड कापतं आणि शिरोरेषेत तीन-चार चिरा पडतात. सगळे आकार निवडून कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट करा. मग नुसत्या रेषांच्या दृश्यात तपासा, शब्दाची बाहेरची रेघ एकच सलग दिसली पाहिजे.

कागदपत्रे
आणि डिझायनरकडून लोगोचे हक्क लेखी, सहीनिशी लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. 'कायमस्वरूपी, सर्व प्रदेशांसाठी, सर्व माध्यमांत' हे शब्द कागदावर हवेत, आणि शेवटचा हप्ता त्या सहीनंतर.

पाटीकार
पाटीची ऑर्डर देण्याआधी एक काम करा, खर्च जवळजवळ नाही. 'आमसूल' खऱ्या मापात, १३ इंची अंगाने, काळ्या-पांढऱ्या साध्या कागदावर तुकड्यांत छापून घ्या, चिकटवा आणि शटरच्या वर दोरीने टांगा. दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेसात, दोन्ही वेळी समोरच्या फुटपाथवरून, कोपऱ्यावरून आणि रिक्षातून जाताना बघा. केबलच्या वायरी, झाडाची फांदी, वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी नेमकं कुठे येतं ते तेव्हाच दिसतं. नाव दोन इंच खाली-वर किंवा फूटभर डावीकडे घ्यायचं असेल तर ते कागद टांगलेला असतानाच ठरतं.

मग अक्षरं आली की लावण्याआधी उलटी करून बघा. प्रत्येक अक्षराच्या तळाला, सू च्या उकाराच्या अगदी खालच्या टोकालाही, ४-५ मिमीची दोन भोकं हवीत. नसतील तर तिथेच पाडून घ्या. पहिल्या पावसात पाणी उकाराच्या खोलगट भागात साठतं आणि तिथलीच मॉड्यूलं आधी जातात.

कवठीचाफा
कागद उद्या छापून टांगते. कोपऱ्यावर आंब्याचं झाड आहे, त्याची फांदी नेमकी 'आ' वर येते की काय ते बघून फोटो इथे टाकते.